‘राजकीय मजकूर वगळावा’ : खान्देशातल्या प्रकल्प समित्यांना खुलं पत्र

प्रति,
खान्देशातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, प्रकल्प समित्यांचे सदस्य आणि अभ्यास मंडळांवर बसणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

शहाद्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, पत्र्याची शेड, ट्रॉलीची दुरुस्ती हा रोजचा धंदा. पण जानेवारी लागला की दुकानात तुमची मुलं दिसायला लागतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प डोक्यावर आलेला असतो, कॉलेजच्या वर्कशॉपमधली लेथ बंद असते, नाहीतर किल्ली ज्यांच्याकडे ते सर रजेवर. मग ‘काका, एवढं टर्निंग करून द्या’ सुरू होतं. कोणी केळीच्या खोडातून धागा काढायचं यंत्र करतं, कोणी मिरचीची देठं खुडायचं. मी स्वतः डिप्लोमा केलेला माणूस. मुलांकडून पैसे कमी घेतो आणि प्रश्न जास्त विचारतो. तेवढ्या नात्यावर हे पत्र.

यंदा चार मुलींनी रेशन दुकानासाठी बोलणारा काटा केला. वजन दुकानदाराला दिसतं तसंच गिऱ्हाइकालाही दिसतं, आणि आकडा मराठी, अहिराणी किंवा पावरीत मोठ्याने ऐकू येतो. स्टँड आणि पेटी माझ्याकडे झाली. काटा बरा होता, पण अहवालातलं चौथं प्रकरण काट्याहून सरस होतं. ‘यंत्र कोणाला परत पाठवतं’ असं त्याचं नाव. पोरी रेशन दुकानांच्या ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. पॉस मशीनवर कोणाचा अंगठा लागत नाही, पुन्हा कधी बोलावतात, त्या दिवसाची मजुरी कोणाची बुडते, हे त्यांनी विचारून लिहिलं होतं. ऊसतोडीहून आलेली बाई, वीटभट्टीवरचा म्हातारा, भांडी घासून बोटं गुळगुळीत झालेली विधवा. समितीने त्यावर लाल शाईत शेरा मारला, ‘राजकीय मजकूर वगळावा.’ प्रकरण काढल्यावरच सही मिळाली. पाठोपाठ सगळ्या विभागांना परिपत्रक गेलं की प्रकल्प अहवालात शासकीय योजना, धोरणं आणि तत्सम विषयांवर भाष्य नको, फक्त तांत्रिक बाजू मांडावी.

कॉलेजचं नाव मी घेत नाही. एकाच ठिकाणचा प्रश्न असता तर तिथे जाऊन चहा घेत बोललो असतो. पण आजूबाजूच्या तालुक्यांतून येणारी मुलंही थोड्याफार फरकाने हेच सांगतात, म्हणून जाहीर लिहायची वेळ आली.

माझी पहिली तक्रार अशी की तांत्रिक आणि राजकीय यांच्यामध्ये तुम्ही जी भिंत घातली आहे, ती मुळात नाही. आणि खान्देशात बसून ती घालणं तर फारच अवघड आहे.

कापसापासून सुरू करतो, तो आपल्याकडे सगळ्यांना कळतो. १७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र केलं. हाताने सरकी सोडवायला दिवस जायचा, ते काम झटक्यात व्हायला लागलं. श्रम वाचले म्हणजे गुलामांची गरज कमी व्हायला हवी होती. झालं उलट. सरकीचा अडसर गेला तसा कापूस लावणं परवडू लागलं, रानंच्या रानं कापसाखाली आली आणि लावायला, वेचायला माणसं कमी पडू लागली. १७९० साली त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० पर्यंत ते ४० लाखांच्या घरात गेले. त्याच गुलामीवरून १८६१ ला तिथे यादवी पेटली. अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि इंग्रजांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून गाजलं ते त्या लढाईच्या वर्षांत. १८६५ ला लढाई संपली, भाव कोसळले आणि त्याची झळ जळगावच्या पेठेला बसली. व्हिटनीचं यंत्र म्हणजे दात्यांचा एक रूळ. व्हिटनीचा अहवाल तुमच्या समितीपुढे आला असता तर त्यात रुळाचा व्यास आणि दात्यांची संख्या राहिली असती, बाकीची पानं लाल शाईने गेली असती.

आता नर्मदेकडे या. धरण हीसुद्धा कोणीतरी कागदावर आखलेली वस्तूच. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, हे नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ साली ठरवलं. ड्रॉइंगवर तो एक आकडा आहे. अक्कलकुवा आणि अक्राणीतल्या ३३ गावांत तोच आकडा कोणाचं घर राहणार आणि कोणाचं बुडणार हे सांगत होता. सर्व्हेइंगच्या तासाला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवताना हे फळ्यावर येतं का, मला शंका आहे. आमच्या वेळी आलं नव्हतं.

मणिबेली हे महाराष्ट्राच्या बुडितातलं पहिलं गाव. जागतिक बँकेने या धरणासाठी १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. गावं हलेनात, बोभाटा जगभर गेला, तेव्हा बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. बँकेने स्वतः नेमलेल्या समितीने १९९२ च्या अहवालात बँकेलाच मागे सरायला सांगितलं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी बँकेने एक तपासणी मंडळ स्थापलं. बँकेच्या पैशाने चाललेल्या प्रकल्पाची झळ ज्यांना बसते ते लोक आता थेट तिथे तक्रार करू शकतात, मग ते कोणत्या का देशातले असेनात. १९९४ साली मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणं थांबवावं अशी मागणी करणारा जाहीरनामा निघाला, त्याला ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी पाठिंबा दिला. त्याचं नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. वॉशिंग्टनमधल्या बँकेचे नियम बदलायला लावणारं हे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ ला.

धरण व्हायचं ते झालंच. पूर्ण उंचीचं झालं, २०१७ मध्ये त्याचे दरवाजेही बंद झाले. ज्यांचं गेलं त्यांचं गेलं. पण कर्ज देणाऱ्याने कोणाला उत्तर द्यायचं, हा जगाच्या राजकारणातला प्रश्न एका भिंतीच्या उंचीवरून आणि सातपुड्यातल्या पाड्यांवरून निघाला. धुळ्या-नंदुरबारच्या किती सिव्हिल इंजिनिअरांना हे माहीत आहे?

ठिबकचंही सांगतो, कारण जळगावचं नाव त्यावर मोठं झालं. ज्या सिमखा ब्लासने इस्रायलमध्ये ठिबकचा ड्रिपर घडवला, त्याच माणसाचा तिथल्या राष्ट्रीय जलवाहिनीच्या आखणीत हात होता. जलवाहिनी १९६४ साली सुरू झाली. जॉर्डन नदीचं पाणी तिने दक्षिणेकडे नेलं आणि शेजारच्या अरब राष्ट्रांनी नदीचे उगमच वळवायचा घाट घातला. त्यावरून उडालेल्या चकमकी १९६७ च्या युद्धाच्या कारणांत मोजल्या जातात. दुसरीकडे हत्झेरिम नावाच्या वस्तीत १९६५ साली ड्रिपरचा कारखाना निघाला, आणि ठिबक अशा देशांच्या शेतांत पोचलं ज्यांचं इस्रायलशी धड बोलणंही नव्हतं. भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले ते १९९२ ला. आज आपल्या केळीच्या बागेत ठिबकची नळी अंथरताना कोणाच्या मनात हे येत नाही, येण्याची गरजही नाही. पण इंजिनिअर होणाऱ्या पोराला कळायला हवं की पाणी वाहून नेणारी एक नळी सीमेवर तोफा आणू शकते आणि दुसरी नळी व्यापारी करार.

माझे मामा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. काडतुसाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, एवढं ते सांगायचे. तो व्यास कोण ठरवतं हे मला नंतर वाचून कळलं. ५.५६ मिलिमीटरचं काडतूस नाटोच्या देशांनी १९८० साली प्रमाण मानलं. रशियाच्या कलाश्निकोव्हचं ७.६२ चं. एकदा देशाने व्यास निवडला की बंदुका, सुटे भाग, दारूगोळा आणि पुष्कळदा मैत्रीही त्याच दिशेने जाते.

आता टेंभली. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मुलींचं प्रकरण याच विषयाचं होतं.

टेंभली आमच्या शहादा तालुक्यातलं गाव. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक तिथल्या आदिवासी गावकऱ्यांच्या हाती दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं यांवरून माणूस ओळखायचा, १२ आकडे त्याला जोडायचे, अशी ती रचना. २०१६ ला तिचा कायदा झाला. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारी लाभांसाठी आधार वापरायला मान्यता दिली, खासगी कंपन्यांच्या वापराला मात्र लगाम घातला. पाचपैकी एका न्यायमूर्तींनी वेगळा निकाल दिला, आणि यंत्र ओळखत नाही म्हणून कोणाचा हक्क जाता कामा नये, हा मुद्दा त्यांनी मांडला.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती देशातली गोष्ट राहिली असती. आधारच्या अनुभवावरून बंगळुरूच्या आयआयआयटी संस्थेत २०१८ साली मोसिप नावाची खुली ओळख-प्रणाली उभी राहू लागली. खुली म्हणजे कोणत्याही देशाने फुकट घ्यावी आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलावी. फिलिपिन्स, मोरोक्को, इथिओपिया यांनी ती घेतली. २०२३ च्या दिल्लीच्या जी-२० जाहीरनाम्यात डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा, म्हणजे आधारसारख्या सगळ्यांसाठीच्या संगणकीय व्यवस्था, हा विषय भारताने आग्रहाने आणला. ज्यांच्याकडे तेल नाही, मोठा आरमारी तळ नाही, अशा देशांशी मैत्री जोडायचं हे आपलं आजचं चलन आहे. मला त्याचा अभिमान आहे, उगाच नाक मुरडणारा मी नाही.

म्हणूनच विचारतो. ज्या रचनेचा नमुना इथिओपियातल्या अदिस अबाबापर्यंत जातो, ती पहिल्यांदा जिथे लावली तिथल्या बाईचा अंगठा का लागत नाही, हे शोधणाऱ्या मुलींना गप्प का केलं? चौथ्या प्रकरणात त्यांनी एक गोष्ट नेमकी पकडली होती. अंगठा लागला नाही तरी धान्य नाकारू नये, नोंदवहीत नोंद करून द्यावं, अशा केंद्राच्या सूचना २०१७ पासून आहेत. म्हणजे अपवादाची सोय कागदावर आहे, पण यंत्रापुढे उभ्या बाईला ती दिसत नाही. तिला दिसतो तो लाल दिवा आणि दुकानदाराचा हात, ‘उद्या ये.’ मुलींनी सुचवलं होतं की ठसा जुळला नाही तर यंत्रानेच, तिच्या बोलीत, पुढचा मार्ग मोठ्याने सांगावा आणि नकाराची पावती छापून द्यावी. पावती हातात आली की तहसीलला जाऊन बोलता येतं. किती साधी सुधारणा आहे! चार ओळींचा प्रोग्राम आणि थोडा कागद. शहाद्यात ती जमली असती तर मोसिप वापरणाऱ्या देशांपुढेही मांडता आली असती. काटा तुम्ही ठेवलात आणि हे काढून टाकलंत.

दुसरी तक्रार दुजाभावाची. माझ्या दुकानात येणारे अहवाल मी चाळतो. पहिल्या पानावर आत्मनिर्भर भारत, विश्वगुरू, स्मार्ट सिटी, कोणा ना कोणा योजनेचं बोधचिन्ह असतं. त्यावर लाल शाई कधी पाहिली नाही. ड्रोनचा प्रकल्प ‘सीमेवर उपयोगी’ म्हणून मांडला तर टाळ्या मिळतात, आणि मिळाव्यातही. पण सीमेवरचं ड्रोन राजकारण नसेल, तर रेशनच्या ओट्यावरची बाई कशी काय राजकारण होते? कौतुक केलं की तांत्रिक आणि अडचण दाखवली की राजकीय, असा नियम असेल तर परिपत्रकात तसं छापा. मुलांचा वेळ वाचेल.

तिसरी तक्रार लहान आहे, पण कागदोपत्री आहे. एनबीएच्या, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या, मानांकनासाठी तुम्ही जी शैक्षणिक फलितं भरून देता, त्यांत ‘अभियंता आणि समाज’ असं एक फलित वर्षानुवर्षं होतं. नैतिकतेचं वेगळं, पर्यावरणाचं वेगळं. समिती तपासायला आली की या रकान्यांत तुम्ही प्रकल्पांचेच दाखले देता. मग परिपत्रक कोणत्या रकान्यात बसतं?

चौथी तक्रार माझ्या धंद्याच्या जवळची. मुलं हल्ली वस्तू अशा आखतात की ती उघडता येऊ नये. सगळं चिकटवलेलं, सील केलेलं, स्क्रूची डोकी वेगळी. त्यांना वाटतं हेच भारी काम. त्यांचा दोष नाही, ती जे मोबाइल आणि यंत्रं वापरतात तीच त्यांची पाठ्यपुस्तकं. पण वस्तू कोणी उघडायची हा आज जगभर भांडणाचा विषय आहे. अमेरिकेत जॉन डिअरच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती शेतकऱ्याला आणि गावच्या मिस्त्रीला करू देत नाहीत म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कंपनीवर खटला भरला. युरोपीय संघाने सगळ्या फोनना एकच यूएसबी-सी सॉकेट सक्तीचं केलं, आणि अ‍ॅपलला २०२३ पासून आयफोनचं सॉकेट बदलावं लागलं. ते बदललं म्हणून आज शहाद्याच्या बस स्टँडवरच्या टपरीत एकच वायर सगळ्यांना चालते. युरोपच्या संसदेने मतदान केलं आणि आमच्या टपरीवाल्याचा माल बदलला. हे मुलांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकतात, मी पाहिलंय. तांत्रिक बाजू एवढीच शिकवली तर त्यांना सॉकेटची पिन मोजता येईल, तो सॉकेट कोणाच्या फायद्याचा हे विचारता येणार नाही.

तुमची अडचण मला दिसत नाही असं नाही. संस्थेला परवानग्या लागतात, अनुदान लागतं, संचालक मंडळात सगळ्या पक्षांची माणसं असतात. एखाद्या अहवालातली ओळ कोणी फोटो काढून फिरवली तर प्राचार्यांना दिवसभर फोन येतात. त्यावर उपाय मुलांची पानं फाडणं हा नाही. विधान केलं तर पुरावा मागा. कोणाला भेटलात, केव्हा, काय विचारलं, हे कडकपणे तपासा. गावगप्पा लिहिल्या असतील तर खुशाल लाल शाई वापरा. त्या चार मुलींच्या प्रकरणात तारखा होत्या, दुकानं होती, माणसांची संमती होती. तपासायचं म्हटलं असतं तर ते टिकलं असतं.

याच भागाने वस्तू आणि राजकारण यांची सांगड डोळ्यांनी पाहिलेली आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींचा आग्रह होता की सगळं गावच्या सामानाने उभं राहावं, आणि शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या सामानातून ती नगरी सजवली. कोणत्या वस्तूंनी मंडप उभा करायचा हाच तिथे साम्राज्याला दिलेल्या उत्तराचा भाग होता. त्याआधी १९२९ मध्ये चांगल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. तो खेड्यातल्या झोपडीत चालावा, बाईला फार न दमता तासन्तास चालवता यावा, दुरुस्तीला फार खर्च येऊ नये, अशा त्याच्या अटी होत्या. आजच्या प्रकल्पाच्या फॉर्ममध्ये अशी एक तरी अट दाखवा. आणि त्या वेळी कोणी म्हणालं नाही की चरख्याच्या अहवालातून राजकीय मजकूर वगळावा.

मागण्या थोड्याच आहेत, आणि करता येण्याजोग्या आहेत.

ते परिपत्रक मागे घ्या. ज्या कॉलेजांनी तोंडी तशी सूचना दिली आहे, त्यांनी तोंडी नव्हे, लेखी मागे घ्यावी.

चार मुलींचं चौथं प्रकरण त्यांच्या अहवालाला परत जोडा, ग्रंथालयातल्या प्रतीसकट. गुण बदला असं मी म्हणत नाही.

प्रकल्पाच्या फॉर्मवर खर्च आणि उपयोग या रकान्यांच्या शेजारी तीन प्रश्न घाला: ही वस्तू कोणाला वापरता येणार नाही? बिघडली तर कोण, कुठे दुरुस्त करेल? तिचा भाग, सॉफ्टवेअर किंवा मापं दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहेत का? उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल, पण रकाना कोरा नको.

तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्यांत कंपनीचे साहेब असतात, ते असू द्यात. त्यांच्याबरोबर ज्याच्यासाठी वस्तू केली त्यांच्यातलं एक माणूस बसवा. रेशनचा काटा असेल तर कार्डधारक बाई, केळीचं यंत्र असेल तर खोड कापणारा मजूर. प्रवासखर्च द्या, आणि त्यांच्या शेऱ्याला गुणांत वाटा द्या.

आणि अभ्यास मंडळाला विनंती, की मणिबेली आणि टेंभली ही दोन गावं पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीसाठी लावा. लोक बोलायला तयार असतात.

पुढच्या वर्षाचे प्रकल्प विषय ऑगस्टमध्ये ठरतात. त्याआधी उत्तर मिळावं, आणि ते माझ्या एकट्याच्या नावाने नको, सूचना फलकावर लावा.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, शहादा